हलव्याचे चार दाणे

साबुदाणा वड्याची शेवटची प्लेट त्यानं उचलली आणि माझं डोकंच फिरलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसचं कॅन्टीन, नोव्हेंबर २००१. पोटात कावळे ओरडतायत, हातात डेमोची जड पेटी.

"अर्धी घ्या," तो म्हणाला. "पेटीत काय आहे?"

"अँथ्रॅक्स ओळखायचं किट."

"बाप रे! मग आधी हा वडा तपासा."

असा हा धीरज. सांगलीचा, सरकारी खरेदी विभागात, राहायला लक्ष्मीबाई नगरात. मी दिल्लीतच वाढलेली. मी उचकीला 'हिचकी' म्हटलं की तो हसून हसून लाल व्हायचा. "सुरुची, तुझ्या मराठीला पण एक किट लागेल यार!"

आमची नोएडाची कंपनी आधी दुधातली भेसळ ओळखायच्या पट्ट्या विकायची. तिकडे अमेरिकेत पाकिटांतून जंतूंची पावडर गेली आणि इकडे आमची चांदी झाली. ज्याला त्याला किट हवं. "लोग डरते रहें, बस," आमचे नरसिंहन सर म्हणायचे. मीही हसायचे, मूर्ख!

दर शनिवारी आम्ही कॅन्टीनमध्ये भेटायचो. डिसेंबरात त्याच्याच विभागानं किटचं टेंडर काढलं, आमच्या कंपनीनं भरलं. त्या शनिवारी त्यानं वड्याला हातही लावला नाही.

"टेंडर उघडेपर्यंत भेटायचं नाही. फोनही नको."

"आणि चिठ्ठी?"

"बिननावाची... चालेल?"

मला वाटलं, चेष्टा करतोय.

जानेवारीत ऑफिसात माझ्या नावाचं पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, कोपऱ्यातून पांढरी पूड सांडतेय. समोर गिऱ्हाइकं बसलेली. नरसिंहन सर खूश. "सुरुची, लाइव्ह डेमो!"

हातमोजे, मास्क. मी कोपरा कापला, चिमूटभर पूड द्रावणात कालवली, पट्टीवर थेंब सोडला. पंधरा मिनिटांनी एकच रेघ आली. म्हणजे जंतू नाहीत. टाळ्या पडल्या, दोन ऑर्डरी तिथल्या तिथे. तरीही आतलं बाहेर न काढता पाकीट ब्लीचच्या बादलीत बुडवायचं, हा नियम. तो मीच लिहिलेला. मीच बुडवलं. निळी शाई पाण्यात पसरली, तीही मी पाहत उभी राहिले.

मार्चमध्ये टेंडर उघडलं. मी लगेच त्याच्या ऑफिसात फोन केला. शिपायानं उचलला. "साहब ने तो खुद नागपुर ट्रांसफर ले लिया।" असा राग आला! सांगायचं तरी मेल्यानं! मी पण मानी. पत्ता विचारला नाही.

तीन वर्षांनी लक्ष्मीबाई नगरात संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिथे तो दिसला, कडेवर लेक. बदली होऊन परत आलेला. त्याची बायको मीनाक्षी पलीकडे तिळगूळ वाटत होती.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "नाही म्हणायचं होतं तर तसं कळवायचंस ना गं. आईनं पाठवलेल्या हलव्याचे चार दाणे घातले होते पत्रात. लिहिलं होतं, होकार असेल तर तूही चार दाणे पाठव. रथसप्तमीपर्यंत रोज टपाल बघत होतो..."

हलवा! पोस्टाच्या शिक्क्याखाली चुरा झालेला हलवा. आणि मी, शहाणी, त्यात जंतू शोधले.

सगळं ओठांवर आलं होतं. होकार होता रे, पहिल्या वड्यापासून होता. पण लेकीनं त्याचा कान धरला होता, आणि मीनाक्षी ताट घेऊन हसत आमच्याकडेच येत होती. हे ऐकून तो घरी काय घेऊन जाणार?

"मिळालं होतं पत्र," मी म्हणाले. "नाही म्हणायचं... धाडस झालं नाही. सॉरी."

"असो," तो म्हणाला. कान सोडवून घेत बसला, माझ्याकडे बघितलं नाही.

मीनाक्षीनं माझ्या हातावर हलवा ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला हं!"

"बोलले की आत्ताच," मी म्हणाले, आणि सगळे दाणे एकदम तोंडात टाकले.