पार्सल घरच्या व्यक्तीकडे दिले

गिऱ्हाइकाला स्वतःचं घर कुठे आहे हेसुद्धा धड सांगता येत नाही, हे मिनल ढोकेचं ठाम मत होतं. नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या दाटीत, एका लॅबच्या मागे तिचं लहानसं दुकान होतं. पेशंटचे गाऊन, कमरेचे पट्टे, काठ्या, बेडपॅन. गोंदिया-गडचिरोलीकडून आलेले नातेवाईक काउंटरवर रेलून घासाघीस करायचे, आपल्या माणसाचा आजार पहिल्यापासून सांगायचे, वर तिच्याच नळाचं पाणी मागायचे. या माणसांचं तोंड बघावं लागू नये म्हणून तिनं माल ऑनलाइन विकायला सुरुवात केली. पण माणूस तिथेही आलाच, पत्त्याच्या रूपानं. ‘हनुमान मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ, कोणालाही विचारा.’ कोणालाही विचारायला मिनल रिकामी बसली नव्हती.

मे महिन्यात वैभवी खोरगडे नावाच्या बाईची ऑर्डर आली. दोन गाऊन, मऊ सुती, फिकट आकाशी, बाजूला नाड्या असलेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवून घालता येतात तसले. पत्ता हनुमाननगरचा. धंतोलीहून स्कूटीनं हनुमाननगरला जाऊन आलं तरी मागे ठेवलेला चहा कोमट राहतो. पण पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचा नियम असा, की पार्सल आधी कळमेश्वरच्या गोदामात जाणार, तिथे मुक्काम करणार आणि मग वळसा घालून पुन्हा शहरात येणार. असले नियम करणाऱ्यांच्या डोक्याबद्दल मिनलनं विचार करणं सोडून दिलं होतं. तिनं पार्सल बांधलं, चिकटपट्टी लावली आणि ती ते विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"ताई, मी वैभवी खोरगडे. गाऊनचा पत्ता चुकला हो. जुना गेला. आम्ही आता बेसाला राहतो. नवा पत्ता मेसेज केला आहे."

"मग जुना टाकला काहून?"

"मी नाही टाकला. मोबाइलमध्ये सेव्ह होता, तोच आपोआप आला."

"बटण तर आपोआप नाही ना दाबलं गेलं?"

मग ती बाई हळू आवाजात म्हणाली, "सासूबाईंच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या आहेत. लवकर मिळाले असते तर बरं झालं असतं. त्या पत्त्यावर आता कोणीच नाही. घरच नाही ताई. दिवाळीनंतर पाडलं."

"मग येईल परत. आलं की बघू."

मिनलनं फोन ठेवला. घर पाडायचं यांच्या बरोबर लक्षात राहतं, पत्ता खोडायचा राहत नाही. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचं पार्सल ओढलं.

पण पार्सल परत आलं नाही. दोन-तीन दिवसांनी मोबाइलवर ओळ उमटली : ‘पार्सल घरच्या व्यक्तीकडे दिले.’ खाली फोटो होता. हिरवं लाकडी दार, अर्धं उघडं. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं. पुढे काळ्या फरशीवर तिचं पार्सल. दाराआडच्या अंधारात साडीचा थोडा काठ दिसत होता.

कोण्या शेजाऱ्याकडे दिलं असणार. मिनलनं तो फोटो वैभवीला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्या लोकांनी घेतलं आहे. त्यांच्याकडून घ्या.’

लगेच फोन वाजला.

"ताई, हा फोटो कुठून आणला तुम्ही?"

"मी कशाला आणू? पार्सलवाल्यानं काढला."

"हे आमचं दार आहे. ती खालची फळी बघा, मांजरीला ये-जा करायला कापलेली. ते दार तर भंगारवाला घेऊन गेला, ताई. माझ्यासमोर."

आता मिनलला सगळा उलगडा झाला. असले नमुने तिनं पाहिले होते. माल घ्यायचा, मिळालाच नाही म्हणायचं आणि दुसरा फुकट उकळायचा. आजारी सासू झाली, पाठीच्या जखमा झाल्या, पाडलेलं घर झालं. एखादा अपंग दीर तेवढा यायचा राहिला होता. ‘चौकशी करते,’ एवढंच बोलून तिनं फोन कापला आणि जितेंद्रला लावला. त्या भागात पार्सलं वाटणारा जितेंद्र तिच्या ओळखीचा होता. कामाला बरा, डोक्यानं यथातथाच, असं तिचं त्याच्याबद्दल मत.

"हो मॅडम, म्हातारी होती ना," जितेंद्र म्हणाला. "नाव विचारलं तर अंजनाबाई म्हणे. उन्हाचा आला, बस म्हणे. पाणी दिलं."

"आणि घर? घर होतं तिथं?"

जितेंद्र हसला. "काय मॅडम! घर नाही तर मी काय मैदानात पाणी पिऊन राहिलो होतो?" मग जरा थांबून म्हणाला, "थंडं होतं पण लय. दात ठणकले माझे. अजून ठणकून राहिले."

हा एक मूर्ख आणि ती एक लबाड. मिनलनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि स्कूटी काढली. ती म्हातारी गाऊनसकट सापडली, की तिचा फोटो काढून खोरगडेबाईची तक्रार ठोकायची, असा तिचा बेत होता.

हनुमाननगरची ती गल्ली उन्हानं पांढरी पडली होती. दारं बंद, खिडक्यांमध्ये कुलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास. प्लॉटचा नंबर सापडला तिथं हिरवे पत्रे उभे केलेले होते, मध्ये माणूस जाईल एवढी फट. मिनलनं आत डोकावून पाहिलं. विटांचा चुरा, चुन्याचे ढेपसे, वाळलेलं गाजरगवत. घर खरंच पाडलेलं होतं. तिला थोडा रागच आला. बाईनं निदान एवढं तरी खोटं सांगायला हवं होतं.

समोरच्या ओसरीवर एक म्हातारा बसला होता. खुर्ची रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

"कोणाकडे वं, बाई?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"खोरगड्यांकडे."

"गेले ते. मी रुपराव, शेजारीच होतो त्यायचा. पोरानं प्लॉट देला बिल्डरले. अंजनाबुढीची मर्जी नव्हती. जायच्या दिवशी दाराची कडी धरून बसली, सोडेच ना. मंग चौघांनी खुर्चीसकट उचललं अन् गाडीत ठेवलं. तेव्हापासून बोलत नाही म्हणते."

"इथं दुसरी कोणी म्हातारी येते का? पार्सल घ्यायला?"

रुपरावांनी भिंतीवरून नजर काढली नाही.

"मी तिकडं पाहत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बी नका पाहू. ऊन आहे. घरी जा."

उन्हानं डोकं फिरलेला आणखी एक. मिनल पत्र्याच्या फटीतून आत शिरली.

चपलेतून तळव्यांना चटके बसत होते. पाडलेल्या खोल्यांच्या रेषा अजून जमिनीवर कळत होत्या. इथं बैठक, इथं स्वयंपाकघर, इथं गुलाबी फरशीचा तुकडा म्हणजे न्हाणी. नळाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली होती. मागच्या बाजूला शेवग्याचं एकच झाड आणि एक लोखंडी खांब शिल्लक होता. दोघांच्या मध्ये तार बांधलेली.

तारेवर दोन आकाशी गाऊन वाळत घातले होते.

मिनल जवळ गेली. शिलाई तिचीच, आतली चिठ्ठीही तिच्याच दुकानाची. गाऊन धुऊन, पिळून, झटकून घातले होते. नाड्या वाऱ्यानं गुंतू नयेत म्हणून सैल गाठी मारल्या होत्या. आणि कडेकडेनं पाणी ठिबकत होतं.

नागपुरात मे महिन्यात तारेवर टाकलेलं कापड दुसरं कापड टाकेपर्यंत वाळतं. इथं तर कोणी नव्हतंच. आताच टाकून गेल्यासारखे गाऊन निथळत होते.

तिनं खाली पाहिलं. तारेखालची माती काळी, ओली होती. तिच्यावर शेवाळ धरलेलं होतं. आज-कालचं नाही.

"कोण आहे?" ती ओरडली.

कुलरची घरघर तेवढी येत होती. मग मागे, जिथं स्वयंपाकघर असावं तिथं, फरशीवर भांडं ठेवल्यासारखा आवाज झाला.

मिनलनं मागे पाहिलं नाही. तिनं दोन्ही गाऊन तारेवरून ओढले. रांजणातून काढल्यासारखे ते गार होते. पिशवीत कोंबून ती विटांवरून अडखळत बाहेर आली. रुपराव तसेच भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बेसाच्या रस्त्याला लागल्यावर तिचं डोकं ताळ्यावर आलं. गल्लीतल्याच कोणीतरी पार्सल लाटलं होतं आणि उघडं पडू नये म्हणून रिकाम्या प्लॉटवर वाळत घातलं होतं. रुपराव त्यात सामील असणार, म्हणूनच तो तिला हाकलत होता. पाणी बाजूच्या घरातून आणलं असणार. जितेंद्र दुसऱ्याच कोण्या दारात पाणी प्यायला असणार. बेसा येईपर्यंत तिनं सगळ्यांना आपापल्या जागी बसवून टाकलं होतं. आता फक्त ही पिशवी खोरगडेबाईच्या पुढ्यात आपटायची होती.

पण दार उघडणाऱ्या बाईकडे पाहून तिला ती आपटता आली नाही. वैभवी तिशीची, ओढलेल्या चेहऱ्याची, केस कसेतरी बांधलेली होती. पिशवीतले गाऊन पाहून तिचे डोळे भरून आले.

"स्वतः आलात, ताई? आणि धुऊनसुद्धा आणले?"

मिनलनं पिशवी तिच्या हातात दिली. वैभवीनं ते गाऊन बाल्कनीत टाकले आणि चहा ठेवला. गाऊन इथं मात्र लगेच वाळले. आतल्या खोलीत पलंगावर म्हातारी पडलेली दिसत होती, डोळे मिटून, छताकडे तोंड करून.

"आज आई बोलल्या," वैभवी कप पुढे करत म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. "या घरात आल्यापासून पहिल्यांदा. थोड्या वेळापूर्वीच."

"काय म्हणाल्या?"

"नीटसं कळलं नाही. ‘ओलेच काहून नेऊन राहिली वं?’ असं म्हणाल्या. मी ‘काय, काय?’ म्हणून विचारलं, पण पुन्हा डोळे मिटले."

मिनलनं कप खाली ठेवला. अर्थात. त्या म्हाताऱ्यानं फोन करून सांगितलं असणार.

"रुपरावांचा फोन आला होता ना?"

"काकांचा? नाही हो. ते आमच्याशी बोलत नाहीत. घर विकलं त्या दिवसापासून नाही."

वैभवी गाऊन घेऊन आत गेली. "जरा हात लावता का, ताई? एकटीला कुशीवर वळवता येत नाही. हे संध्याकाळी येतात."

मिनलला नाही म्हणता आलं नाही. दोघींनी म्हातारीला वळवलं. अंग हलकं, वाळल्या पानासारखं कोरडं. पाठीवर लाल चट्टे. वैभवीनं एक बाही चढवली आणि मिनलनं दुसऱ्या बाहीत घालण्यासाठी म्हातारीचा उजवा हात उचलला.

तो मनगटापर्यंत गार होता.

"यांना आत्ता अंघोळ घातली का?" तिनं विचारलं.

"नाही हो. पाणी लागूच देत नाही. सकाळी ओल्या फडक्यानं पुसते, तेवढंच."

मिनलनं हात उजेडाकडे वळवला. तळवा कोरडा होता, भेगाळलेला. पण पाचही बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

अंगठ्याच्या नखात निळा साबण अडकला होता. अजून ओला.