खिळ्यानं कोरलेला आकडा

आमची अँबॅसिडर मालकांनी एकोणीसशे अडुसष्टला घेतली. नवी कोरी, पांढरी. छावणीत तेव्हा गाड्या होत्या त्या लष्करातल्या साहेबांच्या, बाकी सगळे सायकलवर. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तीही अर्धी. पण इंग्रजी आकडे मी या गाडीच्या मीटरवर शिकले. मालक मला शेजारी बसवायचे आणि आकडा फिरला की विचारायचे, "सांगा, किती?" मी चुकायची नाही.

पंचाहत्तरला मालक गेले. गाडी तेव्हा सव्वीस हजार चालली होती. पुढचं सगळं मीच बघितलं. घर, फुलंब्रीचं शेत, गाडीसुद्धा. चाक तेवढं माझ्या एकुलत्या एका मुलाच्या, कारभारीच्या हातात दिलं. भावकीतल्या चारचौघांनी सांगून बघितलं की बाईमाणसाला मोटार झेपायची नाही, विकून टाका. मी म्हटलं, तुम्हाला बैलगाडी झेपंना, आधी तिचं बघा.

दुरुस्ती कायम इब्राहीमकडं. छावणी बाजाराच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं. त्याची एक रीत होती. नवा भाग बसवायच्या आधी मीटरवर जो आकडा असेल तो खिळ्यानं त्या भागावर कोरायचा. म्हणजे पुढं कोणीही उघडलं तरी कळावं, हा भाग किती चाललाय. त्याचं अक्षर मला पाठ होतं. चारचा पाय तो खाली शेपटीसारखा वळवायचा, तसा चार दुसरं कोणी काढत नाही.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात गाडी चाळीस हजार एकशे बारावर होती. गिअर पडताना आवाज यायला लागला म्हणून इब्राहीमनं खालून उघडली. मी खुर्ची टाकून समोर बसलेले. तो गाडीखालून निघाला आणि क्लचची प्लेट माझ्यापुढं धरली.

"बाई, हे वाचा."

मी वाचलं. चाळीस हजार सहाशे चाळीस.

"गाडी अजून तिथवर गेली नाय," मी म्हणाले. "चष्मा कर आता."

"अक्षर मेराच आहे," तो म्हणाला. "पण मी लिहिलं नाय. अल्ला कसम."

प्लेट चांगली होती, तीच परत बसवली. दोन महिन्यांनी फुलंब्रीच्या नाक्यावर क्लच जळाला. मी मीटर बघितलं. चाळीस हजार सहाशे चाळीस.

पुढं रेडिएटरवर आकडा निघाला. बरोबर त्याच आकड्यावर रेडिएटर फुटला. मग पाण्याच्या पंपावर निघाला. इब्राहीम दर वेळी तोबा तोबा करायचा. मी नाही घाबरले. आकडा जवळ आला की मी भाग आधीच मागवून ठेवायची. लोकांच्या गाड्या नुसत्या बंद पडायच्या, माझी सांगून बंद पडायची. शेजारची द्वारकाबाई म्हणाली, एखादी शांत करून घ्या. मी म्हणाले, शांत कशाला, बोलतीय ते बरंय.

एकोणऐंशीच्या पौषात इब्राहीम स्वतः घरी आला. एरवी तो निरोप धाडायचा. पायरीशी उभा राहिला, आत येईना.

"स्टिअरिंगच्या रॉडवर निघाला, बाई. बावन्न हजार तीनशे अठ्ठेचाळीस."

मी पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"क्लच गेला तर गाडी थांबती," तो म्हणाला. "हे तुटलं तर थांबत नाय. आणि चालवतो तुमचा कारभारी."

गाडी बावन्न हजार तीनशे दहावर होती. अडतीस राहिले होते. शेतावर जाऊन यायला पन्नास लागतात.

मी नवा रॉड आणवला. खोका माझ्यासमोर फोडला. आतला कागद तेलानं चिकटलेला होता, तो मी माझ्या हातानं सोडवला. रॉडवर आकडा होता. तोच, शेपटीवाल्या चारासकट.

कारभारीला सांगितलं तर तो हसला. "माय, तू आणि इब्राहीमचाचा, दोघं म्हातारे झालात. मी काय बैलगाडीनं जाऊ आता?" पोरगं माझंच, ऐकणार थोडंच. आणि गाडी दारात उभी करून ठेवली असती तर भावकीला हसायला झालं असतं. ते मी होऊ दिलं नसतं.

मी विचार केला. मीटर मोजतं म्हणून आकडा येतो. मोजलंच नाही तर तो येईल कुठून?

"मीटरची केबल काढ," मी इब्राहीमला म्हणाले.

"बाई, असं करू नये. हिसाब कुठंतरी चालूच राहतो."

"माझी गाडी आहे. काढ."

त्यानं काढली. जाताना सलाम केला नाही.

त्यानंतर अँबॅसिडर दोन वर्षं चालली. शेतावर गेली, पैठणला गेली, कारभारीच्या लग्नाच्या वरातीत फिरली. मीटर तिथंच, बावन्न हजार तीनशे दहा. स्टिअरिंगला काही झालं नाही. इब्राहीमची नजर गेली आणि तो पैठणला लेकीकडं राहायला गेला. मी त्याला निरोप पाठवला, बघ, जिंकले का नाही.

यंदाच्या दिवाळीला, पहिल्या आंघोळीला, कारभारी पाटावर बसला. लग्न झालं तरी त्याला तेल मीच लावते. उजाडलं होतं. सून घंगाळात पाणी ओतत होती.

"हळू गं माय. पाठ आहे, बोनेट नाय."

"बोनेटाएवढी झालीय, म्हणून जोर लागतो."

उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली माझा अंगठा अडखळला.

"काय लागलंय रे इथं?"

"कुठं? काय नाय. दुखत पण नाय."

मी पदरानं तेल पुसलं. जुना, पांढरट व्रण होता. लहानपणी झालेला असावा आणि अंगाबरोबर वाढलेला असावा, तसा ताणलेला.

तीन होता. शेजारी चार. चारचा पाय खाली वळलेला.

"ती जन्माची खूण आहे ना, आत्याबाई?" सून म्हणाली. "मी लग्नापासून बघते."

ही पाठ मी पाळण्यापासून चोळते. गेल्या दिवाळीतही चोळली. तिथं काही नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "जन्माचीच."

"थांबलीस का? दमलीस?"

"दमते कशाला." मी वाटीतलं तेल परत हातावर घेतलं. "तुला आता कितवं चालू आहे रे?"

"तेहतिसावं," कारभारी म्हणाला. "मार्गशीर्षात लागंल की चौतिसावं. का गं, नवी गाडी घेतीस का काय मला?"