उंबऱ्यापर्यंत आलेला वास

बसा. स्टोव्हमध्ये अजून एक ओंडका टाका, आणि मध्ये बोलू नका. ही वेर्नर लेहतोची गोष्ट. माझ्या पलीकडच्या घरात राहायचा. त्यानेच मला सांगितली.

सतरा नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी तीनला वेर्नर बंदूक घेऊन निघाला. हिवाळ्यासाठी घरात मांस हवं होतं. बायको हेल्मी वर्षभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आदल्या हंगामात तिचा भाऊ उर्हो दलदलीत गोळी लागून मेला होता. उर्हो नळी फुंकून नर हरणाची हाक अशी काढायचा की हरणं फसायची, माणसंही फसायची. गोळी कोणाची, ते कळलं नाही. वेर्नरला ठाऊक होतं. आपलीच, हरीण समजून झाडलेली. हे हेल्मीला कळलं तर संसार संपला, ही एकच भीती त्याला वर्षभर होती.

वाटेत गावातला शिकारी काल्ले भेटला. शिकारीच्या दिवसांत आपल्याकडे कोणी साबण लावत नाही, हरणाला वास लागतो म्हणून. काल्लेने नाक धरलं.

"बायको तर पळालीच असेल. आता हरणी तरी येते का बघ."

वेर्नर हसला नाही.

माजावरच्या हरणीच्या मुतात भिजवलेली चिंधी त्याने दोरीने बुटाला बांधली आणि दलदलीपर्यंत फरफटत नेली. त्या वासामागे नर चालत येतो. मग झाडाखाली बसून त्याने नळी फुंकली. दोनदा.

समोरच्या झाडीतून उत्तर आलं. दोन लांब, जरा थांबून एक आखूड.

तशी हाक फक्त उर्हो काढायचा.

बंदूक उचलायचा धीर होईना. तो उठला आणि घराकडे चालू लागला. हाक मागून आली. तो थांबला की तीही थांबे.

मिशिगनचा नोव्हेंबर, साडेपाचला काळोख. घरात शिरून त्याने कडी घातली आणि खाली पाहिलं. चिंधी बुटालाच होती. परत निघताना ती सोडून झाडाला टांगायची, हे आपल्यात पोरासोरांनाही कळतं. तो विसरला होता. वासाचा माग त्याने थेट उंबऱ्यापर्यंत ओढून आणला होता.

बर्फ पडू लागला.

नऊ वाजता अंगणात हाक आली. हेल्मीने विणकाम खाली ठेवलं.

"हा उर्हो."

"वारा आहे."

मग काही नाही... बराच वेळ.

मग खिडकीखाली.

मग दाराशी...

हेल्मी ऐकत होती. कोणी कानाशी बोलावं तशी, मान हलवत.

"तू होतास," ती म्हणाली. विचारलं नाही.

वेर्नर उठून दाराची कडी चाचपू लागला.

उजाडताच ती बहिणीकडे निघाली, कायमची. दार तिनेच उघडलं. रात्रभर पडलेला बर्फ कोरा होता. पाऊल नाही, खूर नाही.

दार लावून वेर्नर वळला. आत, हेल्मीच्या खुर्चीमागे, जमिनीच्या फळ्यांवर दोन बुटांचे ओले ठसे होते. कडेचा बर्फ अजून वितळत होता.

टाचा भिंतीकडे. टोकं त्याच्या पलंगाकडे.