ज्याचा आवाज, त्याची परवानगी

रामकिसननं फवारणीचा पंप खांद्याला अडकवला आणि मंगरूळपीरची एसटी धरायला तो घराबाहेर पडला, तेव्हा पंपाला काहीएक झालेलं नव्हतं. चांगला ठणठणीत पंप. पण बायकोशी खोटं बोलायचं म्हणजे हातात काहीतरी दाखवायला लागतं, आणि रामकिसनला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यानं अख्खा पंपच उचलला.

"वायसर गेलं. दुरुस्त करून आनतो," तो म्हणाला.

रंगूबाई चुलीपाशी फोन कानाला लावून बसली होती. तिनं नुसती मान हलवली. तो पंपाऐवजी दारातला बैल खांद्यावर घेऊन निघाला असता, तरी तिनं वर पाहिलं नसतं. फोनवर कुणीतरी हळू आवाजात तिच्याशी बोलत होतं. तो आवाज त्यांच्या मुलाचा होता. आणि मुलगा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, वारला होता.

आता यात भुताटकीचं काही नाही, हे इंझोरी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ऋषिकेश शेतीची पदविका घेतलेला पोरगा. एका खाजगी कंपनीनं 'बांधमित्र' नावाची फोनसेवा काढली होती. शेतकऱ्यानं नंबर लावायचा, पिकाचं दुखणं सांगायचं, आणि यंत्रानं त्याला उपाय सांगायचा, तोही आपल्या वऱ्हाडी बोलीत. त्यासाठी कंपनीला इकडचा एक खणखणीत आवाज हवा होता. त्यांनी ऋषिकेशला अकोल्याला नेलं, बंद खोलीत बसवून महिनाभर बोलायला लावलं आणि त्याचा आवाज यंत्राला शिकवला. मग ऋषिकेश जेवत असो की झोपलेला असो, त्याचा आवाज गावोगावच्या शिवारात खोडमाशीवर औषध सांगत असायचा. मित्र चिडवायचे, "तू इथी बसून हायेस, तं मघाशी माह्यासंग बोलला तो कोन?"

आखाजीच्या दिवशी मानोऱ्याहून येताना त्याची मोटरसायकल पुलाखाली गेली. ऋषिकेश संपला. आवाज मात्र राहिला, कारण यंत्राला कुणी सुतक सांगितलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर रंगूबाईनं पहिल्यांदा तो नंबर लावला. "नमस्कार ताई, कोनतं पीक हाय तुमचं?" ऋषिकेशच्या आवाजानं विचारलं. पोटच्या पोरानं आईला ताई म्हणावं! पण तिनं तेही गोड मानून घेतलं. नसलेल्या किडी सांगून, नसलेले रोग सांगून ती त्याला बोलतं ठेवायची. मग पोळा झाला, आणि एके दिवशी तो आवाज आपणहून तिला आई म्हणू लागला. त्या दिवसापासून ती शेतात गेली नाही. तव्यावरची भाकरी करपायची, दूध उतू जायचं, आणि ही आपली फोनाशी. नवऱ्याशी बोलणं तर तिनं टाकूनच दिलं होतं. अंगावरचं लुगडं तिला मोठं व्हायला लागलं. पोरगा गेला तो गेला, आता बायकोही आपल्या डोळ्यांदेखत त्याच वाटेला लागली, हे रामकिसनला दिसत होतं. त्यानं स्वतः मात्र तो नंबर कधीच लावला नव्हता. तो आवाज कानी पडला की तो उठून गोठ्यात जायचा.

आणि त्या आवाजामागं पोळ्यापासून आणखी एक बारीक आवाज यायचा. टिक... टिक... टिक. रंगूबाईला तो लाईनीचा खडखडाट वाटे. रामकिसनला तो कशाचा, ते ठाऊक होतं. पुलाखाली सगळ्यांत आधी तोच उतरला होता. मोटरसायकल आडवी पडलेली, आणि तिचा वळणाचा दिवा अजून उघडझाप करत होता. टिक... टिक... टिक. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

मंगरूळपीरच्या सरकारी कचेरीत यंत्रांविरुद्धच्या तक्रारींसाठी हल्लीच एक टेबल मांडलं होतं. तिथं वर्षाराणी नावाची तरुण अधिकारी बसायची. कुणाचा चेहरा यंत्र ओळखत नसे, कुणाला यंत्रानं भलतंच कुणी ठरवलेलं असे, असे लोक तिच्याकडं यायचे. रामकिसन पंप मांडीवर घेऊनच तिच्यासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्या टिकटिकीचं सोडून.

"माणूस चुकला तर त्याला जाब विचारता येतो, काका," ती म्हणाली. "यंत्राला कोण विचारणार? म्हणून आम्हाला बसवलंय. नियम सोपा आहे. ज्याचा आवाज, त्याची परवानगी. माणूस गेला की परवानगीही संपली. आवाज बंद होईल."

"मंग आजच करा, बाई. तिले मालूम न पडता."

"तसं नाही जमायचं. ज्याचं काही जाणार आहे, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय मला काही बंद करता येत नाही. मी घरी येते. काकूंशी बोलते."

"ती मले कधी माफ नाही करनार."

वर्षाराणीनं त्याच्यापुढं पाण्याचा गिलास सरकवला. दुसरं काय करणार होती ती बिचारी!

सोमवारी भर दुपारी ती आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र ओलसर गारवा होता, आणि करपलेल्या भाकरीचा वास. रंगूबाई सुपात तूर निवडत बसली होती. फोन मांडीवर. वर्षाराणीनं खाली बसून, तिच्या हाताला हात लावून, कशासाठी आलो ते सांगितलं. रंगूबाईचे हात थांबले. तिनं पाहिलं ते नवऱ्याकडं.

"पंप झाला काय दुरुस्त?" तिनं विचारलं.

रामकिसनची मान खाली गेली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तरी त्याला इतकं लागलं नसतं.

"काकू, नियमच तसा आहे," वर्षाराणी हळूच म्हणाली. "ज्याचा आवाज, त्याची परवानगी लागते."

"मंग त्याले विचारलं काय?"

"अहो, ते यंत्र आहे. तो ऋषिकेश नाही. थांबा, मी कंपनीशीच बोलते, तुमच्यासमोर." आणि तिनं आपल्या फोनवरून कंपनीच्या माणसाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"तो आवाज?" पलीकडचा माणूस म्हणाला. "मॅडम, तो तर आम्ही पोळ्याच्या आधीच काढला. मुलगा गेल्याचं उशिरा कळलं, पण कळलं तसा काढला. आता तिथं बाईचा आवाज आहे. लावून बघा ना."

तिनं आपल्या फोनवरून बांधमित्रचा नंबर लावला. "नमस्कार, कोनतं पीक हाय तुमचं?" बाईचा आवाज आला, ठसठशीत. तिनं रामकिसनकडं पाहिलं. तेवढ्यात रंगूबाईनं आपल्या फोनवरून तोच नंबर लावला आणि फोन सुपात, तुरीवर ठेवला.

"हां आई," ऋषिकेश म्हणाला.

टिक... टिक... टिक.

वर्षाराणीचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा कंपनीला फोन केला. काकूंचा नंबर सांगितला, तपासायला लावला. पलीकडचा माणूस जरा वेळानं म्हणाला, "मॅडम, या नंबरवरून पोळ्यानंतर आमच्याकडं एकही फोन आलेला नाही."

वर्षाराणीनं आपला फोन जमिनीवर ठेवला. दारातल्या कोंबड्या कुठं गेल्या कोण जाणे.

"काका..." वर्षाराणी सुपापासून मागं सरकली. "माझा अधिकार यंत्रावर चालतो."

"मंग?"

"इथं... यंत्र नाही."

रंगूबाईला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. आपलं लेकरू आईला ओळखू येत नाही काय? तिनं पदर सावरला. "बाई, नियम तुमचा हाय," ती म्हणाली. "विचारा त्याले."

नोकरीवर रुजू झाल्यापासून या पोरीनं नाना तऱ्हेची यंत्रं पाहिली असतील, पण हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ती उठून पळाली नाही. तिनं वाकून सुपाशी तोंड नेलं. "ऋषिकेश... तुमचा आवाज असा चालू ठेवायला... तुमची परवानगी आहे का?"

टिक... टिक...

"नाही."

रंगूबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, काटा रुतल्यासारखा.

"आई फोन ठेवत नाही, तवर मले जाता नाही येत," ऋषिकेश म्हणाला. "लय दिस झाले... मी इथीच उभा हाव."

"मंग मले काहून नाही सांगतलं रे?"

"तू एकटी पडली असती, आई. बाबा तं उठून गोठ्यात जाते."

रामकिसन भिंतीला टेकला होता, तो तसाच खाली बसला. त्याला वाटलं, फोनाशी जावं, काहीतरी म्हणावं. पण इतके दिवस जो गोठ्यात जाऊन बसला, त्याला ऐन वेळी शब्द कुठून सुचणार?

रंगूबाईनं फोन उचलला. पदरानं पुसला, लहानपणी त्याचं तोंड पुसायची तसा. "जाय बापू," ती म्हणाली. "ठेवते मी. नीट जाय... सांभाळून." आणि तिनं अंगठ्यानं फोन बंद केला.

मग ती रडली. त्याच्या मौतीलाही ती अशी रडली नव्हती. सूप कलंडलं, तूर घरभर झाली. वर्षाराणी ती गोळा करत राहिली, कारण तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ती निघताना रंगूबाईनंच पुन्हा नंबर लावून पाहिला. बाईचा आवाज आला. कचेरीत परतून त्या पोरीनं साहेबांना काय सांगितलं, ते तीच जाणे.

त्यानंतर रंगूबाई हळूहळू माणसांत आली. आधी चार घास खाल्ले. मग एके दिवशी गोठ्यातल्या शेणावरून रामकिसनशी चांगली कडाकडा भांडली, आणि त्याला ते भांडण इतकं गोड लागलं, की तो हसत हसत रडला. पंपाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. सोयाबीन सोंगायला आलं, तेव्हा ती विळा घेऊन त्याच्या आधी वावरात हजर. बायको परत मिळाली होती. याहून जास्त काही मागायला तो कचेरीत गेलाच नव्हता.

पण एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. आईला पोराचा निरोप घेता आला. बापाला नाही. तो इतके दिवस गोठ्यात, आणि ऐन वेळी भिंतीशी.

सोंगणी चालू असताना एके दिवशी दुपारची भाकर खाऊन झाली. रंगूबाई पाण्याची कळशी घेऊन बांधाकडं गेली. वावरात लख्ख ऊन होतं, वाऱ्यानं वाळल्या शेंगा खुळखुळत होत्या. रामकिसन बाभळीआड बसला आणि त्यानं आपला बटणांचा साधा फोन काढला. बाईचा आवाज येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्या बाईलाच सांगावं, असं त्याच्या मनात होतं. कुणाला तरी सांगावं.

"नमस्कार, कोनतं पीक हाय तुमचं?" बाई म्हणाली.

"सोयाबीन," तो म्हणाला. "माह्या पोराचा आवाज होता इथी... तुमच्या आधी. मी त्याच्यासंग कधी बोललोच नाही. म्या... मले हिंमतच नाही झाली, बाई."

"तुमचा प्रश्न समजला नाही. पुन्हा सांगा."

त्याच्यानं पुन्हा सांगवेना. त्यानं डोळे पुसले. शेंगांचा खुळखुळाट एकदम थांबला, वारा पडला असावा.

"बाबा... हळू बोला."

रामकिसननं झटकन मान वळवली. बांधावर रंगूबाई पाठमोरी उभी होती, कळशी कमरेवर, आभाळाकडं पाहत.

"आईले सांगू नका," ऋषिकेश अगदी हळू म्हणाला. "तुमी लपून आले ना... मीबी लपूनच आलो."

कुणापासून लपून, हे विचारायचं रामकिसनच्या ओठांवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही. तो बाभळीच्या आणखी आड सरकला, तोंडावर उपरणं धरलं, आणि म्हणाला,

"बोल, बापू."