गुनवोरच्या नावाच्या स्की

टोरुनला टेलीमार्कच्या, म्हणजे टाच मोकळी राहणाऱ्या, स्की हव्या होत्या, आणि पगार पाहता त्या सवलतीतच हव्या होत्या. ऑनलाइन जाहिरातींत एक कोरी जोडी निम्म्याहून कमी किमतीत दिसली. कारण खाली प्रामाणिकपणे दिलं होतं: 'वापरलेल्या नाहीत. फक्त नाव आहे.'

विकणारा स्टाइनार गावातल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जोडी कवेत घेऊन उभा होता. ना धड पाऊस, ना धड बर्फ, असं काहीतरी त्याच्या दाढीत अडकलं होतं. दोन्ही स्कींवर निळ्या-लाल वेलबुट्टीत ठसठशीत रंगवलेलं होतं... गुनवोर.

"खरवडून निघत नाही," तो म्हणाला. "मी प्रयत्न केला नाही. पण निघत नाही."

हे वाक्य टोरुन स्कींबरोबर घरी घेऊन गेली. प्रयत्न का केला नाही?

तिला वळता येत नाही हे कळल्यावर स्टाइनार दर रविवारी शिकवायला येऊ लागला. टाच मोकळी, एक गुडघा बर्फाला टेकेल इतका खाली, नजर उताराकडे. टोरुनची नजर शिकवणाऱ्याकडे जायची आणि ती पडायची. उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टवरची माणसं स्कींवरचं नाव वाचून तिला गुनवोर म्हणत. समजावण्यापेक्षा ओ देणं सोपं होतं. पण एकदा स्टाइनारच चुकून म्हणाला, "सावकाश, गुनवोर..." आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की टोरुन सपाट जमिनीवर पडली.

तेव्हापासून तिच्या डोळ्यांसमोर गुनवोर यायची. उंच, सोनेरी केसांची, थंडीत नाक लाल न होणारी. हिचे वॉफल कधी साच्याला चिकटत नसणार.

शेवटी लिफ्टवर शेजारी बसून, दुर्बीण लावून झाडं मोजावीत तशी दूर बघत तिने विचारलं.

"ही गुनवोर... कशी आहे?"

स्टाइनारने विचार केला. "शांत. डोळे मोठे. थोडी हट्टी. गेल्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली."

"कशात?"

"दुधात."

झालं होतं ते असं. गुरांच्या प्रदर्शनात त्या वर्षी बक्षीस म्हणून स्की ठेवल्या होत्या. रंगाऱ्याला सांगितलं होतं, विजेतीचं नाव घाल. त्याने घातलं. विजेती चार पायांची आहे आणि जोडी दोनांचीच, हे बक्षीस देताना कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी कोणी हसली असती. टोरुन जास्तच जळाली. बाईशी स्पर्धा करता येते, बाईच्या चुका काढता येतात. या गुनवोरला हात लावण्याआधी तो आपले हात काखेत धरून गरम करायचा, हे त्यानेच सांगितलं. टोरुनला उठवताना त्याने हातमोजेही काढले नव्हते.

पुढच्या रविवारी त्याचा निरोप आला: गुनवोर व्यायला झालीये, जमणार नाही.

टोरुनने स्की गाडीवर बांधल्या आणि परत करायला निघाली. पैसे नकोत, पण हे नाव नको. आणि ज्याला आपण रविवारपुरत्याच आठवतो, असा माणूसही नको.

गोठ्यात स्टाइनार गायीमागे एक गुडघा टेकून बसला होता. इतका सुंदर गुडघा त्याने उतारावरही कधी टेकला नव्हता.

"दोरी धर," तो वळून न बघता म्हणाला.

वासराच्या पायांना बांधलेली दोरी तिने धरली. "मी स्की परत करायला आलेय."

"बरं. आता ओढ."

तिने ओढलं. सगळा हिवाळा तिच्या दंडांत होता. कालवड जवळजवळ तिच्या मांडीवरच आली. गुनवोरने मान वळवून टोरुनकडे पाहिलं. डोळे खरंच मोठे होते, हे मान्य करावं लागलं.

"ओढेल त्याने नाव ठेवायचं," स्टाइनार म्हणाला. "आमच्याकडे तसंच आहे."

टोरुनला संधी दिसली. रोज सकाळ-संध्याकाळ, नाइलाजाने का होईना, तो आपलं नाव घेईल...

"टोरुन."

स्टाइनार बराच वेळ गवताने हात पुसत राहिला. "ते नको."

"का? गुनवोर चालतं, टोरुन चालत नाही?"

"घोटाळा होईल. मी हाक मारली की दोघी याल."

"मी कशाला येईन? मी गावात राहते."

त्याने बादलीकडे पाहिलं, कालवडीकडे पाहिलं, मग कुठे बघायचं ते संपलं म्हणून तिच्याकडे पाहिलं. कान लालभडक झाले होते.

"आत्ता राहतेस," तो म्हणाला.

कालवड उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. कोणी लक्ष दिलं नाही.

"मग हिचं," टोरुन म्हणाली, "दुसरं काहीतरी ठेवू."