विलायती टाय

१९५९ साली गडचिरोलीत गुणवंतरावांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक खेड्यातून धोतरावर यायचं. म्हणून फोटोपुरता घालायला खुंटीवर एक काळा कोट आणि एक टाय असे. टाय विलायती रेशमाचा. शिकारीला आलेला कुणी पाहुणा तो डाकबंगल्यात विसरून गेला आणि तिथल्या लटारू नावाच्या चौकीदाराने आणून दिला. तळहाताएवढा रुंद, जांभळ्यावर नारिंगी वेटोळी, मधोमध एक मोठा भोवरा. मागच्या पट्टीवर कुणा कारागिराची सही विणलेली.

वर्षभरात तो अकरा जणांनी बांधला. एकदा निगेटिव्हच्या काचा पुसताना गुणवंतरावांच्या लक्षात आलं, भोवरा एका जागी नाही. पहिल्या काचेत तो पोटाजवळ, पाचवीत छातीवर, दहावीत गाठीच्या दोन बोटं खाली. खुंटीवरच्या टायवर मात्र मधोमधच. बांधण्यात फरक पडत असेल, असं त्यांनी ठरवलं.

अकरावी काच इसरू गुरुजींची. तिच्यात भोवरा गाठीला टेकला होता. फोटोनंतर चौथ्या दिवशी गुरुजींच्या घशाखाली पाणी उतरेना. आठव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही.

गुणवंतरावांनी टाय दगडाला बांधून वैनगंगेत सोडला. बायकोला, वच्छलाबाईंना, सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ खुशाल धानोऱ्याहून आला. सोयरिकीसाठी फोटो हवा होता. गुणवंतरावांनी त्याला नुसत्या पांढऱ्या सदऱ्यावर, गळ्याचं बटण उघडं ठेवून बसवलं.

निगेटिव्हच्या काचांवरचे डाग खरवडून, पेन्सिलीने भरून दुरुस्ती वच्छलाबाई करत. दुपारी खिडकीशी काच धरून त्या म्हणाल्या, "खुशालले टाय काऊन घातला तुम्ही?"

"नाई घातला."

"मंग हे काय हाय?"

गुणवंतराव जवळ गेले. भोवरा गाठीच्या आत शिरला होता.

मग त्यांनी गुरुजींचं आणि नदीचं सगळं सांगितलं. बारीक पातं घेऊन वच्छलाबाईंनी काचेवरचा टाय खरवडला. गाठ सर्वांत शेवटी. मग शिसपेन्सिलीने तिथे सदरा भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल आला. फोटो त्याला आवडला. कपभर चहा तो घटाघटा प्यायला.

"काऊन बाई, असं काऊन पाहून राह्यली?"

"काई नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरगी कशी हाय ते सांग."

तो सांगत राहिला. सांगता सांगता त्याची दोन बोटं उघड्या गळ्याशी गेली आणि घट्ट बसलेली गाठ सैल करावी तशी डावीउजवीकडे हलू लागली.