गुरुजी एकदाच हाक मारायचे

इंद्रजीत, तो मोबाईल उलटा ठेव, डोळ्यात उजेड येतो. संस्कृती, चादर घे पायांवर. चिकलठाण्याची गच्ची आहे, गार लागतंच. ते विमान उतरू दे, मग सांगते.

"आजी, भूत तू स्वतः पाहिलंस का?"

"मला कशाला दिसंल? मी शाळेची पायरी चढले नाही, अन् हे शाळेतलं भूत."

हसा, हसा. पण ही गोष्ट झाली ती आमच्या गावाकडच्या शेजारणीच्या, सरूबाईच्या गोकुळच्या बाबतीत. सरूबाईनं चुलीपुढं बसून मला सांगितली, आणि सांगताना तिचा हात माझ्या हातात होता.

आमचं गाव बिडकीनच्या अलीकडं. तिथल्या शाळेवर मोतीराम गुरुजी होते. जेवणं झाली की चौथीच्या पोरांना रात्रीच्या अभ्यासाला गोळा करायला निघायचे. दारापुढं उभं राहून नाव घ्यायचे. एकदाच. आतून "हजर गुरुजी" आलं की पुढचं घर. नाही आलं तर तिथंच उभे, थंडी असो का चिखल. दुसरी हाक नाही. उभ्या माणसाची लाज वाटून पोरगं येतंच, म्हणायचे.

गोकुळचा बाप पुंजाराम लवकर गेला. सरूबाईनं पोराला शेळ्यांमागं लावलं. गुरुजी रोज सांजेला तिच्या दारात येऊन उभे. ती भांडली, बादलीभर पाणी त्यांच्या पायापाशी ओतलं. तरी उभेच. शेवटी म्हणाली, "न्या बाबा पोराला, पण दारातून हला." तो गोकुळ शिकला, कंपनीत लागला, आईला पक्कं घर बांधलं. सगळं त्या उभं राहण्यामुळं.

आणि गुरुजी भुताबितांना मानणारे नव्हते बरं का. वर्गात सांगायचे, "हाक मारतो तो माणूसच असतो रे. ओ द्यायला शिका."

म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. ज्याच्याजवळ राहायचे त्या नातवाचं, सम्यकचं नाव आठवत नसे, पण चौथीचा वर्ग ओळीनं पाठ. रात्री उठायचे आणि गावातून हाका मारत निघायचे. आमची पोरं आता मिशा आलेली, लेकराबाळांची. पण अंथरुणातून ओरडायची, "हजर गुरुजी!" मग कोणीतरी हात धरून त्यांना घरी पोचवायचं. बहुतेक वेळा गोकुळच.

आता त्या रात्रीचं ऐका. सोमवती अमावस्या होती, मार्गशीर्षातली. चोवीस साल सरायला एक दिवस राहिला होता. सरूबाईची बीपीची गोळी संपली म्हणून गोकुळ जेवून बिडकीनला गेला. गोळ्या घेतल्या, पानटपरीवर दोन गोष्टी केल्या आणि मोटरसायकलवर निघाला. जमिनी कंपन्यांना गेल्या तिथून नवा रुंद रस्ता झालाय. माणूस नाही, झाड नाही. पुलाशी आल्यावर कानात वारं शिरायला लागलं, म्हणून गाडी बंद करून त्यानं मफलर गच्च बांधला.

तेवढ्यात अंधारातून...

"गोकुळ..."

एकदाच.

आता सरूबाईनं त्याला लहानपणापासून काय पाजलेलं? रात्री रस्त्यात हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असला तर पुन्हा हाक मारतो. ते एकदाच मारतं. ओ दिली की संगं नेतं. आपल्याकडं सगळ्याच आया हे सांगतात. मीही तुमच्या बापाला सांगितलंय.

मफलरामुळं आवाज ओळखू येईना. गोकुळ दुसऱ्या हाकेसाठी थांबला. आली नाही. त्यानं किक मारली ती थेट घरी. सरूबाईनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "ओ नाय दिली ते लई बरं केलं," म्हणाली. दोघं झोपले.

पहाटे दूधवाल्याला गुरुजी दिसले. पुलाच्या कठड्याला टेकलेले, तोंड रस्त्याकडं. अंगात नुसती बंडी. अंग गार होऊन गेलेलं.

रात्री सम्यकचा डोळा लागल्यावर कधीतरी ते निघाले होते. गाव म्हणालं, म्हातारं माणूस, थंडीनं गेलं. गोकुळला मात्र कळलं होतं ते कुणासाठी उभे राहिले.

विहारात पुण्यानुमोदन झालं. सगळं गाव आत बसलं, गोकुळ बाहेर चपलांपाशी. सम्यक त्याच्याजवळ आला, म्हणाला, "दादा, आजोबा तुझं नाव लई घ्यायचे." गोकुळ तिथून उठून गेला. जेवण तुटलं त्याचं. रात्री छताकडं बघत पडायचा.

मग भोगी आली. तीळ लावलेली भाकरी ताटात तशीच ठेवून तो उठला. मफलर खुंटीवरच ठेवला.

सरूबाई दारात आडवी. "कुठं चाललास? गेलेल्या माणसाला ओ दिली की माणूस माघारी येत नाय. मला कोण हाय तुझ्यामागं?"

"माय, ते उभे असतील."

एवढंच बोलला. तिला बाजूला करावं लागलं नाही. तीच सरली.

त्या रात्री पुनव होती. पुलावर खडा न् खडा दिसत होता. गोकुळनं गाडी बंद केली. कठड्यापाशी कोणी नाही. रस्ता मोकळा. कडेला कुणाची तरी उरलेली ज्वारी. पान हलत नव्हतं.

तो उभा राहिला. लई वेळ.

मग...

"कडुबा..."

कडुबा म्हणजे त्याच्या बाकावरचा पोरगा. दोन वर्षांमागं ट्रॅक्टरखाली गेलेला.

ज्वारीतून आवाज आला. लहान पोराचा.

"हजर गुरुजी."

गोकुळला पळावं वाटलं. आई दिसली डोळ्यापुढं, दारात बसलेली.

आणि मग... अगदी मागून...

"गोकुळ..."

वळला नाही तो. मागं कोणीतरी उभं होतं. गप. थांबलेलं.

दुसरी हाक येणार नव्हती. त्याला ठाऊक होतं.

"हजर..." म्हणाला. मग रडायलाच लागला. "हजर गुरुजी. उशीर झाला मला."

...

...

काही नाही. वारासुद्धा नाही.

"आजी... नेलं का त्याला?"

नाही रे. आहे गोकुळ. सकाळी डबा घेऊन कामावर जातो. त्या रात्री गाडी ढकलतच घरी आला, चालू करायचं भान नव्हतं. सरूबाई उंबऱ्यावर बसलेली. तिनं त्याला धरून बल्बाखाली नेलं, तोंड चाचपलं, हात चाचपले. सगळं जिथल्या तिथं. मग तिचा हात उजव्या कानाशी थांबला.

कान लालबुंद. पिळल्यागत.

आणि त्याच्यावर पांढरं काहीतरी. पुढून अंगठ्याएवढं, मागून दोन बोटांचं.

तिनं पदरानं पुसलं, उजेडात धरून बघितलं.

खडू होता.